अर्जाचा पहिला वाचक

१९९६ साली भोसरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी रुजू झाले, तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम पाकिटं फोडण्याचं होतं. रविवारच्या अंकात जाहिरात छापून आली की बुधवारपासून टपालाचे गठ्ठे यायला लागत. दोन सुपरवायझरच्या जागांसाठी पोतंभर अर्ज. मी ते टेबलावर पसरायची आणि त्यांचे तीन ढीग करायची : हो, नाही, बघू. ‘हो’चा ढीग साहेबांकडे जाई. ‘बघू’चा कपाटात जाई आणि बहुतेकदा तिथेच राही. ‘नाही’चा ढीग वर्षअखेरीला रद्दीत. एका अर्जाला फार तर अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मी नेमकं काय पाहत होते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. अक्षर पाहत होते, हे नक्की. टाचणीने टोचलेला फोटो पाहत होते. पत्ता कोथरूडचा आहे की एखाद्या वस्तीतला, हेही नजरेला दिसतच होतं. आडनाव तर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत.

त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षं मी माणसं निवडण्याच्या धंद्यात काढली. या काळात अर्जाचा पहिला वाचक बदलला. आज मोठ्या कंपनीत अर्ज केला की तो आधी यंत्र वाचतं आणि मग, वेळ आलीच तर, माणूस. भरती करणाऱ्या माणसाचं काम त्यामुळे कसं बदललं, हे मला या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी जरा मागे जावं लागेल, कारण पहिल्या वाचकाचा हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत भरतीचं काम जॉबर करत असे. हा खात्याचा मुकादम. गेटवर जमलेल्या बदली कामगारांतून रोज सकाळी कुणाला आत घ्यायचं, हे त्याच्या बोटावर ठरे. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीतला माणूस आणी आणि वर दस्तुरीही घेई. विणकाम खात्यात तुटलेला धागा जोडताना तोंडाची लाळ लावावी लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या चांगल्या पगाराच्या खात्यात घेतच नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा उचलून धरला होता. १९३१ साली व्हिटली आयोगाने जॉबरच्या हातातली भरती काढून घ्यावी असं सुचवलं, आणि १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची नोंदणी करणारी योजना आणली. नाव, नंबर, कार्ड, पाळी. माणसाच्या मर्जीवर चालणारं काम नियमाने चालावं, हा त्यामागचा हेतू. आमच्या पर्सोनेल खात्याचा जन्म याच हेतूतून झाला, आणि यंत्राकडे भरती सोपवताना आजही हाच हेतू सांगितला जातो.

तर यंत्र अर्ज वाचतं म्हणजे काय करतं?

१९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झालं आणि काही वर्षांत पाकिटं बंद झाली. बायोडाटा आता संगणकात साठू लागले, आणि आम्ही ते वाचण्याऐवजी ‘शोधू’ लागलो. ‘सीएनसी’ आणि ‘फानुक’ हवं, ‘ट्रेनी’ नको, असे शब्द टाकायचे की यादी समोर. हा बदल त्या वेळी साधा वाटला, पण माझ्या मते खरा सांधा इथे बदलला. वाचताना नजर चुकून एखाद्या अनपेक्षित ओळीवर अडते. शोधताना जे मागितलं तेवढंच मिळतं.

पुढची पायरी एटीएसची, म्हणजे अॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीमची. ही प्रणाली बायोडाटाचे तुकडे करून रकाने भरते : नाव, शिक्षण, कुठे किती वर्षं काम, कोणती कौशल्यं. बायोडाटा दोन स्तंभांत असेल, चौकटीत असेल किंवा कागदाचा फोटो काढून जोडलेला असेल, तर हे तुकडे चुकतात. मग येतात बाद करणारे प्रश्न. पदवी आहे का? अमुक वर्षांचा अनुभव आहे का? ‘नाही’ म्हटलं की अर्ज तिथेच संपतो. यात बुद्धिमत्ता कसलीच नाही. हे प्रश्न आमच्यासारखी माणसंच टाकतात. ‘पंचाहत्तर टक्के अर्ज एआयच नाकारतं’ असं एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरत असतं. त्याला कुठल्या अभ्यासाचा आधार नाही. बहुतेक ठिकाणी यंत्र ‘नाही’ म्हणतच नाही, ते क्रम लावतं. पण आठशे अर्जांच्या यादीत सहाशेव्या नंबरवर असणं आणि नाकारलं जाणं यात अर्जदाराच्या दृष्टीने काय फरक आहे? आमच्या कपाटातला ‘बघू’चा ढीगच तो.

खरी कृत्रिम बुद्धिमत्ता येते ती क्रम लावण्याच्या पायरीवर. इथे शब्द जुळवण्याऐवजी शब्दांचे आकड्यांत रूपांतर केलं जातं, असं की अर्थाने जवळचे शब्द आकड्यांनीही जवळ यावेत. मग ‘मेन्टेनन्स टेक्निशियन’ मागितल्यावर ‘फिटर’ही सापडतो. ही मोठीच सोय, हे मान्य केलं पाहिजे. दुसरा प्रकार शिकण्याचा : गेल्या काही वर्षांत कुणाला घेतलं, कुणाला नाही, याची सगळी नोंद यंत्राला द्यायची आणि ‘घेतलेल्यांसारखे’ कोण, ते त्याने शोधायचं.

या दुसऱ्या प्रकाराचं काय होतं, हे अॅमेझॉनच्या उदाहरणावरून जगाला कळलं. २०१४ साली कंपनीने एडिंबरामध्ये एक गट नेमून अर्जदारांना एक ते पाच तारे देणारी प्रणाली बनवायला घेतली. शिकण्यासाठी आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दिले. त्यातले बहुतेक पुरुषांचे, कारण तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तेव्हा पुरुषच जास्त होते. लिंग कोणतं, हे प्रणालीला सांगितलं नव्हतं. तरीही ‘महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान’ यासारख्या ओळीतला ‘महिला’ हा शब्द दिसला की तिने गुण कमी करायला सुरुवात केली. फक्त मुलींच्या दोन महाविद्यालयांतून आलेल्यांचेही गुण कमी झाले. २०१५पर्यंत हे लक्षात आलं. ते शब्द तटस्थ करून पाहिले, पण प्रणाली आणखी कुठल्या आडवाटेने तिथेच पोचेल, याची खात्री कुणालाच देता येईना. शेवटी तो गट मोडला, आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्सने ही हकिकत प्रसिद्ध केली.

ही गोष्ट एचआरच्या परिषदांत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची धार गेली. मला तिच्यापेक्षा जुनी एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते. लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात एका डॉक्टरने १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्रवेश-अर्जांची प्राथमिक चाळणी करणारा प्रोग्रॅम लिहिला. हेतू चांगला होता : परीक्षकांचा वेळ वाचावा आणि मनमानी थांबावी. प्रोग्रॅमचे निकाल परीक्षकांच्या निकालांशी नव्वद ते पंचाण्णव टक्के जुळेपर्यंत त्याने तो सुधारत नेला. १९८२पासून सगळी प्राथमिक चाळणी प्रोग्रॅमच करू लागला. १९८६ साली तिथल्याच दोन डॉक्टरांनी तक्रार केली, वंशसमता आयोगाने चौकशी केली, आणि दिसलं ते असं : अर्जदाराचं नाव युरोपीय वाटत नसेल तर गुण कमी, अर्जदार स्त्री असेल तर गुण कमी. दरवर्षी सुमारे ६० जणांची मुलाखत यामुळे हुकली असावी, असा अंदाज निघाला.

प्रोग्रॅम बिघडला नव्हता. तो परीक्षकांशी जुळतो, हीच त्याच्या यशाची कसोटी होती, आणि तो जुळत होता. आणखी एक विसंगती अशी की लंडनच्या इतर बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा सेंट जॉर्जमध्ये युरोपबाहेरच्या वंशाचे विद्यार्थी जास्तच होते. इतर ठिकाणी काय चाललं होतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुणी पकडलं गेलं नाही. सेंट जॉर्जमध्ये ते आकड्यांत लिहिलेलं होतं. मी भोसरीच्या टेबलावर केलेल्या ढिगांचा असा कुठलाच कागद नाही.

म्हणून आपल्याकडे या विषयावर बोलताना सुरुवात यंत्रापासून करता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावं सवर्ण हिंदू वाटावीत अशी, काही दलित, काही मुस्लीम. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले : सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या २५ एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ असं म्हणणारी ही मंडळी मुलाखतीत उमेदवाराला ‘फॅमिली बॅकग्राउंड’ हमखास विचारत होती. मी तो लेख वाचला तेव्हा माझ्या प्रश्नावलीतला दुसराच प्रश्न तो होता.

आता हीच वीस-तीस वर्षांची निवड शिकवणीसाठी यंत्राला दिली, तर ते काय शिकेल? नाव झाकलं तरी आपल्या बायोडाटात मूळ गाव असतं, शाळेचं माध्यम असतं, महाविद्यालय असतं, कित्येकदा वडिलांचं नाव आणि फोटोही असतो. यातलं प्रत्येक काहीतरी सांगतं. आणि नुसती भाषा शिकलेली, कुठल्याही कंपनीची नोंद न दिलेली मॉडेलंही निर्दोष नसतात. २०२४ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन मॉडेलांना तेच बायोडाटा नावं बदलून क्रम लावायला दिले. गोऱ्यांची वाटणारी नावं ८५ टक्के वेळा वर आली. स्त्रियांची वाटणारी नावं फक्त ११ टक्के वेळा. सेंट जॉर्जचा प्रोग्रॅम उघडून त्यातले आकडे वाचता आले होते. ही मॉडेलं तशी वाचता येत नाहीत. थोरात-अॅटवेल यांनी माणसांना जसं बाहेरून, अर्ज पाठवून तपासलं, तसंच यांना तपासावं लागतं.

मी स्वतः काय केलं, तेही इथे सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी, मी नोकरीला होते त्या कंपनीत नवी एटीएस आली. बाद करणारे प्रश्न भरायचं काम माझ्याकडे होतं. पुरवठादाराने दिलेल्या नमुन्यात एक प्रश्न तयारच होता : गेल्या दोन वर्षांत कामात सहा महिन्यांहून मोठा खंड आहे का? मी तो तसाच ठेवला. अर्ज फार येत होते, कुठेतरी कात्री लावायचीच होती. वर्षभराने एका लग्नात पूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी भेटली. खात्यात तिच्याइतकी चोख कॉस्टिंग करणारं कुणी नव्हतं. सासऱ्यांच्या आजारपणात तिने नोकरी सोडली होती. म्हणाली, “मॅडम, मी परत अर्ज केला होता आपल्याकडे. पाच मिनिटांत नकाराचा मेल आला. मला वाटलं, तुम्ही पाहिलाच असेल.” मी पाहिला नव्हता. बाद झालेले अर्ज माझ्या पडद्यावर दिसतच नव्हते. ते दाखवायला पुरवठादाराला सांगावं लागलं. यादी उघडली तेव्हा तिच्यासारख्या कितीतरी जणी तिथे होत्या. बाळंतपण, आजारपण, नवऱ्याची बदली. प्रश्न काढायला मला दोन मिनिटं लागली.

पुढे २०२१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांचा एक अहवाल आला, त्यात हे सगळं होतं. पाहणीतल्या जवळजवळ निम्म्या कंपन्या सहा महिन्यांच्या खंडावर अर्ज गाळत होत्या. ८८ टक्के कंपन्यांनी कबूल केलं की निकष शब्दशः जुळले नाहीत म्हणून लायक उमेदवार गळतात. गाळणी लावणाऱ्यांनाच ती चुकीची आहे हे ठाऊक होतं, आणि तरी ती चालू होती, हे मला त्या अहवालातलं सगळ्यात ओळखीचं वाटलं.

यंत्राच्या बाजूनेही एक भक्कम पुरावा आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०२५ साली ब्रायन जबारियन आणि लुका हेंकेल या अर्थतज्ज्ञांनी फिलिपीन्समधल्या कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करणाऱ्या सुमारे ७०,००० जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींची मुलाखत माणसाने घेतली, काहींची आवाजात बोलणाऱ्या एआयने. निर्णय दोन्हीकडे माणसांनीच घेतला. एआयने मुलाखत घेतलेल्यांना नोकरीचा देकार मिळण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि पहिला महिना टिकून राहण्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी. निवड करायला दिली तेव्हा चारातल्या तिघांहून अधिक उमेदवारांनी एआयच पसंत केलं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळी साडेपाचला, दिवसातल्या अकराव्या उमेदवाराशी मी कशी बोलत असे, ते मला आठवतं. यंत्र अकराव्यालाही तेच प्रश्न, त्याच स्वरात विचारतं. मात्र प्रयोगात यंत्राने विचारलं आणि माणसाने ठरवलं. विकणारे बहुतेकदा हा दुसरा भाग गाळून सांगतात.

काही दावे तर सरळ कोसळले. चेहऱ्याच्या हालचालींवरून उमेदवार जोखणारं सॉफ्टवेअर हायरव्ह्यू ही अमेरिकी कंपनी विकत असे. टीका वाढल्यावर २०२१च्या जानेवारीत तिने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जाहीर केलं. कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारी प्रणाली वापरायला युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५पासून बंदीच घातली, आणि भरतीसाठीच्या एआयला ‘उच्च जोखमी’च्या यादीत टाकलं.

कायद्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात अजून फारसं हाती लागलेलं नाही. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३पासून अशा प्रणालीची दरवर्षी पक्षपात-तपासणी करून निकाल जाहीर करणं सक्तीचं आहे. संशोधकांनी ३९१ कंपन्यांची संकेतस्थळं तपासली तेव्हा १८ ठिकाणी निकाल सापडला. कॅलिफोर्नियात डेरेक मोब्ली नावाच्या अर्जदाराने वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर २०२३ साली दावा लावला. शंभराहून अधिक अर्ज केले, सगळीकडे नकार, त्यातला एक मध्यरात्रीनंतर अर्ज केल्यावर तासाभरात, असं त्याचं म्हणणं. कंपनी आरोप नाकारते. पण सॉफ्टवेअर पुरवणाराही मालकाचा ‘एजंट’ म्हणून जबाबदार ठरू शकतो, हा मुद्दा न्यायालयाने २०२४ साली पुढे चालू दिला, आणि २०२५च्या मे महिन्यात वयाच्या मुद्द्यावर इतरांनाही दाव्यात येण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक विदासंरक्षण कायदा आहे. निव्वळ यंत्राने घेतलेल्या निर्णयावर हरकत घेण्याचा युरोपात आहे तसा हक्क त्यात नाही.

या सगळ्यात अर्जदार हात बांधून बसलेले नाहीत. जाहिरात चॅटजीपीटीला द्यायची आणि तिच्याशी शब्दनशब्द जुळणारा बायोडाटा मिळवायचा, हे आता शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही येतं. परिणाम असा की सगळे अर्ज सारखे दिसू लागले. एकाच दिवशी आलेल्या चाळीस अर्जांत प्रत्येकाने ‘क्रॉस-फंक्शनल टीमसोबत परिणामकारक समन्वय’ साधलेला असतो. यंत्राने लिहायचं आणि यंत्रानेच वाचायचं. ऑनलाइन मुलाखतीत उत्तरं दुसऱ्या पडद्यावरून वाचली जातात; खोटा चेहरा लावून मुलाखत देण्याच्या प्रकारांबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने २०२२च्या जूनमध्येच इशारा दिला होता.

यावर माझ्या ओळखीचे रिक्रूटर काय करतात? ते अर्जांवर विश्वास ठेवणं सोडतात आणि ओळखीकडे वळतात. ‘रेफरल आहे का?’ हा प्रश्न आज जितक्या वेळा ऐकू येतो तितका पूर्वी येत नसे. आतल्या माणसाने नाव सुचवलं की अर्ज थेट वर. सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळतं. आता आतली माणसं कुणाला सुचवणार? ज्यांना ओळखतात त्यांना. एका महाविद्यालयातले, एका सोसायटीतले, एका गावचे. चाकण-रांजणगावच्या शॉपफ्लोअरवर तर हे काम ठेकेदारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर चालतं. बीड-लातूरच्या कुठल्या तालुक्यातून किती पोरं आणायची, हे तिथे ठरतं. गिरणीच्या गेटवरचा जॉबर नोंदवहीने घालवला होता. नोंदवहीवरचा विश्वास उडाला, आणि तो फोन घेऊन परत आला.

रिक्रूटरच्या कामातून पाकिटं फोडणं, वेळा जुळवणं, ‘कळवू’ असा मेल पाठवणं, हे गेलं आणि ते गेल्याचं मला दुःख नाही. ज्या मुली या कामांवर धंदा शिकायच्या, त्यांच्यासाठी मात्र पहिली पायरीच उरली नाही. जे उरलंय ते कठीण आहे : जाहिरातीत खरोखर काय लागतं आणि काय सवयीने लिहिलंय, यावरून खातेप्रमुखाशी भांडणं, यंत्राचा क्रम कधी मोडायचा ते ठरवणं आणि का मोडला ते लिहून ठेवणं, नाकारलेल्यांची यादी मागणं.

यातलं शेवटचं मी आता मध्यम आकाराच्या दोन-तीन कारखान्यांसाठी करते. दर आठवड्याला यंत्राने तळाशी टाकलेले वीस अर्ज चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, अट एवढीच. गेल्या महिन्यात त्यातल्या एका अर्जाला शून्य गुण होते. उघडला तर कागदाचा फोटो निघाला, झेरॉक्सच्या दुकानात काढलेला, कडेला दुकानदाराचा अंगठा. यंत्राला त्यात एकही अक्षर वाचता आलं नव्हतं. खेड तालुक्यातला मुलगा, आयटीआय, व्हीएमसी मशीनवर चार वर्षं, सेटिंग स्वतः करतो असं निळ्या शाईत वेगळं लिहिलेलं. कंपनी नेमका असाच माणूस सात आठवडे शोधत होती. मी फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, “मॅडम, मी पंधरा दिवसांपूर्वीच रांजणगावला लागलो. मित्र आहे इथे, त्याने सांगितलं साहेबांना.”